रत्नागिरीहून पशुवैद्यक व्हायचंय, तर शिकायचं कुठे?

रत्नागिरी जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे, दापोलीला, १९७२ पासून. मत्स्य महाविद्यालय आहे, शिरगावला, १९८१ पासून. २०२३ मध्ये रत्नागिरी शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. पशुवैद्यकीय महाविद्यालय मात्र जिल्ह्यात नाही, सिंधुदुर्गात नाही, रायगडातही नाही. त्यामुळे गुरांचा डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या इथल्या मुलाला किंवा मुलीला बारावीनंतर घर सोडावंच लागतं. कुठे जायचं, हा प्रश्न दरवर्षी नीटचा निकाल लागला की पंधरा दिवस घराघरांत चालतो. त्याचं ठरलेलं उत्तर असं: मुंबई मिळाली तर मुंबई, नाहीतर जे मिळेल ते.

हे उत्तर अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे. पशुवैद्यकाची पदवी राज्यात सगळीकडे सारखीच आहे. विद्यापीठ एक, अभ्यासक्रम एक, पदवीवरचा शिक्का एक. फरक पडतो तो साडेपाच वर्षांत विद्यार्थ्याच्या हाताखालून कुठली आणि किती जनावरं जातात, यात. परळच्या बाह्यरुग्ण विभागात येणारा लॅब्राडोर आणि उदगीरच्या दवाखान्यात येणारा देवणी बैल हे दोन वेगळे शिक्षक आहेत. आपल्याला पुढे कुठल्या जनावराची सेवा करायची आहे, ते आधी ठरवावं आणि मग महाविद्यालय निवडावं. आपल्याकडे क्रम उलटा चालतो.

आधी पदवीविषयी. तिचं नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, मिळून साडेपाच वर्षं. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुधन व्यवस्थापन. मग विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवीशास्त्र, औषधशास्त्र, पशुपोषण, पैदासशास्त्र. शेवटच्या टप्प्यात औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रजनन. शिवाय दूध-मांसाचं तंत्रज्ञान, सार्वजनिक आरोग्य आणि विस्तारशिक्षण. माणसांच्या डॉक्टरला एकाच जातीचा रुग्ण शिकावा लागतो. इथे गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, कुत्रा, मांजर, डुक्कर, कोंबडी आणि वन्यप्राणी सगळेच शिकायचे असतात. घोड्याला उलटी करता येत नाही, गाईला चार कप्प्यांचं पोट असतं, मांजराला पॅरासिटामॉल विषासारखं असतं. प्रत्येक जातीचं शरीर नव्याने शिकावं लागतं.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार मान्यताप्राप्त पदवी आणि राज्य परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. गावोगावचे पालक नेमके इथेच फसतात. राज्यभर पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवस्थापनाच्या पदविका चालतात, त्यांची बरीच महाविद्यालयं खासगी आहेत, आणि जाहिराती अशा असतात की हा पशुवैद्यक होण्याचा जवळचा रस्ता वाटावा. तो तसा नाही. पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली प्राथमिक स्वरूपाच्या सेवा देता येतात, राज्याने त्या ठरवून दिल्या असतील तेवढ्याच. पदविकेतून होणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाचं काम मोलाचं आहे. कोकणातले दुर्गम भाग आजवर त्या लोकांनीच सांभाळले आहेत. पण ज्या मुलीला सिझेरियन करून वासरू बाहेर काढायचं आहे, तिने पदविकेत दोन-तीन वर्षं घालवून मग पदवीचा विचार करू नये. कृषी पदवीचंही तसंच. दापोलीत पशुसंवर्धन हा विषय चांगला शिकवतात, पण त्यातून कृषी पदवीधर होतो, पशुवैद्यक होत नाही.

प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. त्यात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षं पूर्ण झालेली असावीत. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरल्या जातात. उरलेल्या जागा नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ भरतं. सगळे त्याला माफसू म्हणतात. या दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतात. एमबीबीएस-बीडीएससाठी सीईटी सेलचा अर्ज भरला म्हणजे पशुवैद्यकही त्यात आलं, असं समजून बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. गुण असूनही त्यांचं वर्ष जातं. माफसूचं संकेतस्थळ मे महिन्यापासूनच पाहायला लागा.

या सगळ्या प्रक्रियेत एक गोष्ट कुणीच विचारत नाही: या मुलाने कधी जनावराला हात लावला आहे का? अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतली मुलं पशुवैद्यक व्हायचं म्हणतात, तेव्हा तिथला रस्ता पाहून हा फरक जाणवतो. तिथे बारावीनंतर थेट प्रवेश नाही. आधी साधारणपणे चार वर्षांची कुठलीतरी पदवी घ्यायची, त्यात जीवशास्त्र-रसायनशास्त्राचे ठरावीक विषय पुरे करायचे आणि मग पशुवैद्यकीय महाविद्यालयाची चार वर्षं. अर्जात गोठ्यावर, दवाखान्यात, प्राणी-आश्रयस्थानात किती तास काम केलं याचा हिशेब द्यावा लागतो. पशुवैद्यकाची शिफारसही महत्त्वाची ठरते. पहिल्या पदवीसाठी कुठलं महाविद्यालय घ्यावं, याची तिथे मोठी चर्चा चालते. त्यात जाणती माणसं सांगतात ते बहुतेक एकच असतं: खर्च कमी होईल, गुण चांगले राहतील आणि जवळपास जनावरांचा अनुभव मिळेल असं महाविद्यालय घ्या. आपल्याकडे तो आठ वर्षांचा रस्ता साडेपाचात होतो, आणि सरकारी महाविद्यालयात खर्च कितीतरी कमी. हे भाग्यच आहे. पण सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय तपासायला मध्ये कुठलाच थांबा नाही. ती तपासणी घरच्यांनीच करायला हवी.

आता एकेक महाविद्यालय.

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय २ ऑगस्ट १८८६ रोजी सुरू झालं. देशातल्या सर्वांत जुन्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत त्याची गणना होते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं बाई साकरबाई रुग्णालय त्याच आवारात आहे, आणि रुग्णालय व महाविद्यालय यांची वाढ एकमेकांच्या आधारानेच झाली. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. रत्नागिरीकरांना फारशी माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. माफसू २००० साली सुरू झालं, त्याआधी परळचं हे महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होतं. परळमध्ये शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी पशुवैद्यकांच्या पदवीवर दापोलीचं नाव आहे. म्हणजे कोकणाचं एक पशुवैद्यकीय महाविद्यालय कागदोपत्री होतं, फक्त ते मुंबईत होतं. नागपूरचं महाविद्यालय तसंच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे होतं, परभणी आणि उदगीर परभणीच्या विद्यापीठाकडे. चारही कृषी विद्यापीठांतून पशुवैद्यक वेगळं काढून एका छत्राखाली आणण्याचा तो निर्णय योग्यच होता, असं मला वाटतं. कृषी विद्यापीठात पशुवैद्यकाला नेहमी मागच्या रांगेत बसावं लागे.

परळचं बळ शहरातच आहे. कुत्री, मांजरं, पक्षी, अपघातग्रस्त भटके प्राणी, आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्समुळे घोडे. शस्त्रक्रिया, क्ष-किरण, अल्ट्रासाउंड, डोळे, हाडं, त्वचा या सगळ्यांची लहान प्राण्यांतली तयारी परळइतकी राज्यात दुसरीकडे होणं कठीण. सार्वजनिक आरोग्यासाठी देवनारचा कत्तलखाना जवळ, वन्यप्राण्यांसाठी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि भायखळ्याची राणीची बाग जवळ. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झाल्यावर पदवीनंतर तिथेच शिकत राहण्याची नवी वाटही उघडली. गोरेगावला महाविद्यालयाचा वेगळा परिसर आहे आणि शेजारी आरेचे तबेले असल्याने म्हशीही बघायला मिळतात. तरीही लाळ्या-खुरकूत झालेला अख्खा वाडा, पावसात अडलेली गाय, भाताच्या पेंढ्यावर जगणारी अशक्त पाडी, असं खेड्यातलं पशुवैद्यक परळला रोज दिसत नाही. रत्नागिरीहून जाणं सोपं आहे. कोकण रेल्वेने दादरला उतरलं की परळ पुढच्याच स्थानकावर. पण राहण्याचा खर्च धरून चाला. वसतिगृहात खोली मिळाली नाही तर मुंबईत भाड्याने राहणं रत्नागिरीच्या मध्यमवर्गीय घराला जड जातं.

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं. रत्नागिरीच्या दृष्टीने मला हे सर्वांत योग्य वाटतं, आणि त्याची कारणं सांगतो. पुणे-सातारा महामार्गावर असल्याने चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, तिथून साताऱ्यावरून शिरवळ असा एसटीचा प्रवास सहज होतो. पण अंतर हे दुय्यम कारण झालं. आजूबाजूला पश्चिम महाराष्ट्राचा दुधाचा पट्टा आहे. संकरित गाई, मुऱ्हा आणि पंढरपुरी म्हशी, फलटणला मेंढीवर काम करणारी निंबकर कृषी संशोधन संस्था, उरुळी कांचनला १९६७ पासूनची मणिभाई देसाईंची बाएफ, पुण्याभोवतीचा कुक्कुटपालनाचा मोठा व्याप. दुधाचा पैसा जिथे आहे, तिथे शेतकरी गाय आजारी पडली की डॉक्टरला बोलावतो. त्यामुळे विद्यार्थ्यालाही रुग्ण मिळतात. कासदाह, माज न दाखवणारी गाय, वार अडकणे, पोट फुगणे, व्यायल्यावर कॅल्शियम उतरून आडवी पडलेली गाय, ही दुधाळ जनावरांची रोजची दुखणी इथे हाताला लागतात. कोकणात परतायचं असेल तर हाच अनुभव कामाला येतो.

नागपूरचं महाविद्यालय १९५८ चं, सेमिनरी हिल्सला, विद्यापीठाच्या मुख्यालयाच्या शहरात. वन्यजीवांत रस असलेल्यांसाठी राज्यात हेच ठिकाण. गोरेवाड्याला माफसूचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथेच बचाव केंद्र आणि २०२१ मध्ये खुलं झालेलं प्राणिसंग्रहालय आहे. पेंच आणि ताडोबाही फार दूर नाहीत. शिवाय वर्ध्याकडची गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस. रत्नागिरीहून मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं, सणावाराला घरी येणंही जमेलच असं नाही. एक सावधगिरी हवी. वन्यजीव पशुवैद्यक व्हायचं म्हणून नागपूर घेणाऱ्या मुलाला हे माहीत असावं की पदवीच्या काळातला बहुतेक वेळ गाई-म्हशी-कुत्र्यांवरच जातो. वन्यजीवांत काम करायचं तर पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव लागतो, आणि पदं मोजकी असतात. वाघाला बेशुद्ध करण्याची बंदूक हातात यायला पाच वर्षं पुरत नाहीत.

मराठवाड्यातली दोन महाविद्यालयं, परभणी १९७२ ची आणि उदगीर १९८७ ची, रत्नागिरीत सगळ्यात शेवटी लिहिली जातात. हा आपला पूर्वग्रह आहे. देवणी, लाल कंधारी आणि उस्मानाबादी शेळी यांचा हा मूळ प्रदेश. कामाचे बैल, देशी गाई, कोरड्या भागातल्या शेळ्या, मोठ्या जनावरांच्या शस्त्रक्रिया, सगळं जवळून. सांधा निखळलेला बैल पाडून त्यावर उपचार कसे करायचे, हे कळायला बैल यायला हवेत, आणि ते इथे येतात. शांत, छोट्या गावात राहून अभ्यास करायची तयारी असेल तर ही निवड वाईट नाही. उलट ज्याला देशी गुरांच्या पैदाशीत काम करायचं आहे, त्याने उदगीरला आधी बघावं.

या जुन्या पाचांनंतर अलीकडे अकोल्याला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सावळीविहीरला नव्या महाविद्यालयांना मंजुरी मिळाली. अकोल्याला पदव्युत्तर संस्था आधीपासून आहे, त्यामुळे तिथे शिक्षक आणि दवाखान्याचा पाया तयार आहे. नव्या महाविद्यालयात जाताना एक गोष्ट तपासावी: परिषदेची त्या वर्षाची परवानगी आहे का. नव्या संस्थेला सुरुवातीला वर्षावर्षाला परवानगी मिळते आणि पहिली तुकडी पास होईपर्यंत पूर्ण मान्यता येत नाही. सरकारी महाविद्यालयात यामुळे धोका कमी आहे, पण राज्याबाहेरच्या खासगी महाविद्यालयात हाच प्रश्न फार गंभीर होऊ शकतो.

राज्याबाहेर जायचंच असेल तर दोन वेगळे प्रसंग असतात. अखिल भारतीय कोट्यातून चांगला क्रमांक आला तर बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, लुधियाना, चेन्नईचं १९०३ चं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय, केरळातलं मन्नुत्ती, बंगळुरूचं हेब्बाळ, अशी दारं उघडतात. इज्जतनगरच्या संस्थेची सुरुवात पुण्यात झाली होती, ९ डिसेंबर १८८९ ला, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने. चार वर्षांत ती मुक्तेश्वरला हलली. संशोधनाकडे ओढा असलेल्या मुलाला इज्जतनगरला शिकण्याचा फायदा आहे. दुसरा प्रसंग पैसे मोजून खासगी जागेचा. राजस्थान, पंजाबकडे अशी महाविद्यालयं आहेत, काहींना चांगलं नाव आहे. पण साडेपाच वर्षांचं शुल्क, दुसऱ्या राज्यातला खर्च आणि इथे येऊन नोंदणीची प्रक्रिया, हे सगळं बसवून पाहिलं तर एक वर्ष थांबून नीट पुन्हा देणं बहुतेक घरांना स्वस्त पडेल. परदेशी जायची इच्छा असेल तर तेही आधी समजून घ्यावं. भारतीय पदवी घेऊन अमेरिकेत काम करायला ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह ही पात्रता-परीक्षांची मालिका आणि तिथली राष्ट्रीय परवाना परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेजची परीक्षा. ती देऊन गेलेले मराठी पशुवैद्यक आहेत, पण तो रस्ता लांब आणि खर्चिक आहे.

महाविद्यालयाला भेट देणार असाल, आणि ती द्यावीच, तर इमारतीकडे फार बघू नका. सकाळी साडेनऊला दवाखान्यात उभे राहा. मोठ्या जनावरांच्या विभागात किती रुग्ण येतात ते बघा. शेवटच्या वर्षाची मुलं स्वतः तपासत आहेत की भिंतीला टेकून बघत आहेत, ते बघा. गर्भतपासणी शिकायची तर शेकडो गाईंत हात घालावा लागतो. दहा-वीस गाई आणि साठ-सत्तर विद्यार्थी असतील तर ती विद्या येत नाही. महाविद्यालयाच्या पशुधन प्रक्षेत्रात गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या खरोखर आहेत का, विद्यार्थ्यांना तिथे पहाटेच्या दुधाला जावं लागतं का, ते विचारा. रुग्णांना घरी जाऊन तपासणारी फिरती गाडी आहे का? शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत? आंतरवासितेत मुलं कुठे जातात? शेवटी वसतिगृहातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी पंधरा मिनिटं बोला. माहितीपुस्तिकेत नसलेलं सगळं त्यांच्याकडून कळतं.

मुलीच्या बाबतीत पालक अजून कचरतात. मोठी जनावरं, रात्रीबेरात्री खेडी, ताकदीचं काम, ही भीती ऐकू येते. प्रत्यक्षात वर्गांत मुलींची संख्या चांगली आहे आणि शासकीय दवाखान्यांत महिला पशुधन विकास अधिकारी आता सर्वत्र दिसतात. अडलेल्या वासराला बाहेर काढायला ताकदीपेक्षा पद्धत लागते, दोरी कुठे बांधायची, कधी ओढायची आणि कधी थांबायचं हे कळायला लागतं. ते शिकवून येतं.

दुसऱ्या पसंतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. अनेक मुलं एमबीबीएस हुकलं म्हणून इथे येतात. त्यातली बरीचशी पुढे मनापासून रमतात, हे मी पाहिलं आहे. पण काही पहिल्या वर्षी नीटची तयारी करत राहतात आणि जागा अडवून ठेवून निघून जातात. त्या जागेवर ज्याला खरंच यायचं होतं तो मुलगा कृषीला गेलेला असतो. प्रवेश घेतानाच स्वतःला काही प्रश्न विचारावेत. शेणात, रक्तात, पुवात हात घालता येईल का? मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करता येईल का? कत्तलखान्यात मांस तपासायला जावं लागतं, शाकाहारी घरातल्या मुलाची त्याला तयारी आहे का? वाचणार नाही अशा कुत्र्याला शांतपणे मरण देण्याची जबाबदारी घेता येईल का? रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन काम सुरू करायचं असतं, ब्रुसेलोसिससारखे आजार पशुवैद्यकाला स्वतःला होऊ शकतात. हे सांगून कुणाला घाबरवायचं नाही. पण हे माहीत नसताना साडेपाच वर्षांचा रस्ता धरू नये.

आणि रत्नागिरीला कशा पशुवैद्यकाची गरज आहे? इथली कोकण कपिला गाय लहान चणीची, डोंगरउतारावर आणि मुसळधार पावसात टिकणारी. तिची आणि कोकण कन्याळ शेळीची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे नोंद झाली आहे. भातखाचरांतल्या गोगलगायींमुळे पसरणारा लिव्हर फ्लूक, पावसाळी घटसर्प, गोचिडांचे ताप, २०२२ मध्ये राज्यभर पसरलेली लम्पी. २०१६ मध्ये शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप आला. गोचिडीतून माणसाला होणारा आणि माकडं मरू लागली की ज्याचा पहिला इशारा मिळतो, असा तो आजार. विहिरीत पडलेला बिबट्या वन विभाग काढतो, पण त्याची तपासणी करायला तालुक्याचा पशुधन विकास अधिकारीच जातो. त्याच दिवशी त्याला गावात लसीकरण असतं आणि संध्याकाळी शहरातली मांजर. इथला पशुवैद्यक सगळ्यात थोडा थोडा तरबेज असावा लागतो. एकाच विषयात पारंगत माणसाला मुंबई-पुणे मिळतं. रत्नागिरीला सर्वांगीण हात हवा. पदंही आहेत. २०२५ मध्ये लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या अडीच हजारांहून अधिक पदांची जाहिरात काढली. १९६२ या क्रमांकावर फोन केला की गोठ्यात येणाऱ्या फिरत्या पथकांतही पशुवैद्यक लागतात.

कोकणात स्वतंत्र पशुवैद्यकीय महाविद्यालय हवं, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती आजच्या घडीला घाईची वाटते. इमारत उभी राहील, पण दुधाळ जनावरांची संख्या आणि दवाखान्यात येणारे रुग्ण कमी असताना विद्यार्थी शिकणार कशावर? आधी जिल्ह्याला सर्व सोयींचं पशुवैद्यकीय चिकित्सालय द्या, जिथे शस्त्रक्रिया, क्ष-किरण आणि प्रयोगशाळा असेल, आणि परळ-शिरवळच्या आंतरवासितेतल्या मुलांना पावसाळ्यात तिथे पाठवा. मुलं शिकतील, गुरांना डॉक्टर मिळेल, आणि कोकणातलं काम बघितलेल्यांपैकी काही जण इथेच राहतील.

पसंतीक्रम कसा भरावा, असं कुणी मला विचारलं तर मी असं सांगेन. कोकणात परतून सरकारी सेवा किंवा गावात व्यवसाय करायचा असेल तर शिरवळ पहिलं, मग परळ, मग उदगीर आणि परभणी. शहरात लहान प्राण्यांचा दवाखाना काढायचा असेल तर परळ पहिलं. वन्यजीव खरोखर ध्यासाचा विषय असेल तर नागपूर. आणि यातलं जे मिळेल ते घ्या, कुठलंही सरकारी महाविद्यालय सोडून खासगीकडे धावू नका.

अर्ज भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला आपल्या तालुक्यातल्या श्रेणी एकच्या दवाखान्यात पाठवा, परवानगी घेऊन. सकाळपासून दुपारपर्यंत डॉक्टरांबरोबर उभं राहू द्या, जमलं तर एखाद्या गोठ्यापर्यंत जाऊ द्या. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा जायचंय म्हणत असेल, तर अर्ज भरा.